चकमकीच्या दगडाची हातकुऱ्हाड विकत घ्यावी का?

नाणेवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. मी मुळात नाण्यांचा माणूस. शिवराई, आदिलशाही लारी, फार तर एखादं संस्थानी नाणं, यापलीकडे माझी उडी नाही. पण हल्ली एका इंग्रजी लिलावाच्या साईटवर नजर अडकली आहे. तिथे अश्मयुगीन हातकुऱ्हाडी विकायला आहेत. चकमकीचा दगड, बदामी आकार, तळहातात मावेल एवढी. खाली लिहिलंय, वय अंदाजे चार लाख वर्षं, जुन्या खासगी संग्रहातून. किंमत म्हणाल तर एका बऱ्या मोबाईलची.

साडेतीनशे वर्षांच्या शिवराईसाठी आम्ही खडेबाजारात उभं राहून वाद घालतो. आणि इथे माणूस पुरता माणूसही झाला नव्हता तेव्हाची वस्तू एवढ्यात? म्हणून शंका येते. खरी-खोटी कशी ओळखायची? मागवली तर कस्टमवाले अडवतील का? पुढेमागे विकायची म्हटली तर गिऱ्हाईक मिळेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निपाणीकर

दगडाला मोबाईलचं पैसं? आमच्या रानात ट्रॉलीभर हाईत. ये आणि घेऊन जा, डिझेल तेवढं तुझं.

लंडनस्थ_टिळकवाडी

निपाणीकर, हसलो, पण तुमची ट्रॉली इकडे खपणार नाही.

नाणेवाले, इकडची परिस्थिती सांगतो. दक्षिण इंग्लंड आणि उत्तर फ्रान्समध्ये खडूच्या खडकाचे जाड थर आहेत, आणि त्या थरांतच चकमकीचे गोळे मिळतात. आदिमानवाला माल दाराशीच होता. पुढे एकोणिसाव्या शतकात थेम्सच्या खोऱ्यात वाळू-गोट्यांच्या खाणी निघाल्या. तिथले मजूर हातकुऱ्हाडी बाजूला काढून ठेवायचे आणि हौशी लोकांना विकायचे. स्वान्सकोमच्या खाणी त्यात नावाजलेल्या. त्या काळचे काही संग्राहक दगडावरच शाईने खाणीचं नाव नि तारीख टाकत. असे संग्रह आज वारसांकडून लिलावात येतात आणि तो व्यवहार इकडे बेकायदा नाही. शाईचा मजकूर असलेला नग महाग जातो, कोरा नग स्वस्त. हे लक्षात ठेवा, किमतीचं निम्मं गूढ यातच आहे.

‘सहारा’ किंवा नुसतं ‘उत्तर आफ्रिका’ लिहिलेल्या नगांपासून मात्र चार हात लांब राहा. दगड अस्सल असेलही, पण मोरोक्को, अल्जीरियासारख्या देशांतून असल्या वस्तू परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाहीत. विकणारा कागद दाखवत नसेल तर समजून जा.

आणि नकलांचं म्हणाल तर त्यालाही दीडशे-पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. एडवर्ड सिम्पसन नावाचा यॉर्कशरचा एक फिरस्ता होता, लोक त्याला ‘फ्लिंट जॅक’ म्हणत. बाणांची टोकं, कुऱ्हाडी स्वतः घडवायचा आणि जुन्या म्हणून विद्वानांच्या गळ्यात मारायचा. बिंग फुटल्यावर १८६२ साली लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे त्याने आपली करामत करूनही दाखवली.

निपाणीकर

म्हणजे चोरानंच क्लास घेतला म्हणायचा. भारी.

दगडधोंडे

धागा आवडला. ओळखण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर नेटवर बराच कचरा आहे.

चकमकीचा कण अतिशय बारीक, त्यामुळे ती काचेसारखी फुटते. घाव बसतो तिथे सुटलेल्या कपच्यावर एक छोटा फुगवटा येतो आणि त्याच्याभोवती लहरी पसरतात. हातकुऱ्हाडीवर आपल्याला दिसते ती याची उलटी बाजू, म्हणजे कपचा निघून गेल्यावर राहिलेला खळगा. असे खळगे एकमेकांवर चढलेले असतात. त्यांच्या मधल्या धारांवरून बोट फिरवलं की कोणता घाव आधीचा नि कोणता नंतरचा ते कळायला लागतं. खरी हातकुऱ्हाड दोन्ही अंगांनी घडवलेली असते, कडेने आत, पुन्हा उलटून दुसऱ्या अंगाने आत. बाजूने पाहिलं तर धार किंचित नागमोडी दिसते. नदीत गोटे एकमेकांवर आपटूनही कपचे उडतात, पण ते वाटेल तिथे उडतात. कड धरून ओळीने दोन्ही अंगांनी उडत नाहीत.

दुसरी गोष्ट पुटाची. जमिनीत पडून चकमकीवर पांढरट किंवा तपकिरी पुट चढतं. ते सगळ्या खळग्यांत साधारण सारखं हवं. एकाच खळग्यात आतला ताजा काळा दगड चकाकत असेल तर तो घाव परवाचा. लोखंडी हातोडीने घडवलेल्या नकलेवर भिंगातून धातूच्या बारीक रेघा दिसतात. पण नांगर लागलेल्या अस्सल दगडावरही अशा रेघा असू शकतात, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

आता हे सगळं फोटोवरून ठरवायचं, तेही विकणाऱ्याने काढलेल्या फोटोवरून. म्हणून माझं स्पष्ट मत, घेऊ नका.

मुख्य म्हणजे बेळगावात बसून इंग्लंडची हातकुऱ्हाड मागवायची हे मला अजबच वाटतं. तिकडच्या बॉक्सग्रोव्ह या ठिकाणच्या नावाजलेल्या हातकुऱ्हाडी सुमारे पाच लाख वर्षांच्या. आपल्याकडे तमिळनाडूत अत्तिरामपक्कमला मिळालेल्या १५ लाख वर्षांच्या आसपासच्या निघाल्या. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरसाठी १२ लाखांचा अंदाज आला आहे. वयाचाच सोस असेल तर पूर्वेकडे तोंड करा.

मलप्रभाकाठ

दगडधोंडे सर, तुम्ही विषय काढलातच म्हणून लिहितो. माझं आजोळ रामदुर्गच्या बाजूचं. मामांच्या रानाच्या कडेला ओढा आहे, पावसाळ्यानंतर काठ ढासळतो आणि गोट्यांचा थर उघडा पडतो. तिथला एक दगड मामांनी गोठ्याच्या दाराला अटकाव म्हणून वर्षानुवर्षं वापरला. रंग जांभळट तांबूस, वजन किलोच्या आत-बाहेर. मागच्या बाजूला नदीच्या गोट्याची गुळगुळीत साल तशीच आहे, पुढे मात्र दोन्ही अंगांनी कपचे काढलेत. टोक नाही, त्याजागी आडवी सरळ धार. हातात धरला की अंगठा आपसूक एका खळग्यात बसतो. फोटो टाकलाय. हा ‘तसला’ आहे का, की मी उगाच हुरळलोय?

दगडधोंडे

हुरळा, हरकत नाही. फोटोवरून शंभर टक्के कोणीच सांगू नये, पण ही हातकुऱ्हाड नसून तिची भावकी वाटते. आडव्या धारेच्या या हत्याराला मराठीत फरशी म्हणतात. आपल्या देशात हातकुऱ्हाडींच्या जोडीला फरश्या भरपूर मिळतात. फरशी बहुधा मोठ्या कपच्यावर करत, आणि तिची ती सरळ धार घाव घालून काढलेली नसते. कपचा सुटतानाच मिळालेली कोरी धार राखून ठेवलेली असते. म्हणजे कपचा काढण्याआधीच गडी पुढचा विचार करून बसलेला.

दगड कलादगी मालेतला, म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या खडकांच्या थरांतला, क्वार्टझाईट (वाळूच्या कणांचा कठीण खडक) दिसतो. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून पडतो तोच हा परिवार. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभा ज्या डोंगरातून वाट काढते तिथेही हाच. क्वार्टझाईट चकमकीपेक्षा भरड, त्यामुळे त्यावरचे खळगे उथळ, लहरी अस्पष्ट आणि मधल्या धारा बोथट. चकमकीची चित्रं पाहून डोळा तयार केलेल्या माणसाला आपली हत्यारं ओबडधोबड वाटतात, ती यामुळे. कारागीर कमी प्रतीचा नव्हता, दगड वेगळा होता.

निपाणीकर, तुमच्या रानात काळा पाषाण. त्यातही हत्यारं करत, नाशिक-नेवाशाकडे मिळालीत, पण तो दगड लवकर झिजतो आणि घावाच्या खुणा पुसट होतात. तुमच्या ट्रॉलीत बहुतेक बांधाचेच दगड असणार.

निपाणीकर

झालं, डिझेलपण गेलं.

घटप्रभा

दगडधोंडे, आपल्या भागात याचा अभ्यास झालाय का? की नेहमीप्रमाणे सीमाभाग म्हणून दोन्हीकडून दुर्लक्ष?

दगडधोंडे

या बाबतीत उलट आहे, लाडका भाग आहे आपला.

रॉबर्ट ब्रूस फूट हा भूवैज्ञानिक. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला त्याला एक घडवलेला दगड मिळाला आणि भारतातल्या पुराश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला. त्यानंतर तो आपल्याकडे आला. बेळगाव, धारवाड, कलादगी या भागाला तेव्हा साहेब ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत. त्याच नावाने १८७६ मध्ये त्याचा भूरचनेवरचा अहवाल निघाला. मलप्रभेकाठच्या हत्यारांची दखल पहिल्यांदा त्यानेच घेतली, बदामीजवळचं ख्याड हे त्यातलं गाजलेलं ठिकाण. पुढे डेक्कन कॉलेजच्या परंपरेतल्या रा. वि. जोशींनी मलप्रभेचं खोरं पायाखाली घातलं, त्यांचा ग्रंथ १९५५ चा. घटप्रभेवर अनगवाडीला र. शं. पप्पूंनी उत्खनन केलं. म्हणजे नकाशावर आपण ठळक आहोत, फक्त घरी माहीत नाही.

नाणेवाले, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. फूट स्वतः पक्का संग्राहक होता. त्याचा संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला. पण त्याच्या यादीत प्रत्येक दगडापुढे ठिकाण आहे. म्हणून दीडशे वर्षांनंतरही तो संग्रह अभ्यासाला उपयोगी पडतो.

नाणेवाला_शहापूर

डोळे उघडले. मग लिलाव गेला उडत! मलप्रभाकाठ, मामांकडे कधी जायचं बोला. दोन गाड्या काढू, सकाळी निघू, दुपारपर्यंत प्रत्येकाला एकेक तरी सापडेल. जेवण माझ्याकडून.

वकील_कोर्टरोड

जेवणाआधी थोडं कायद्याचं ऐकून घ्या.

१९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. माणसाने घडवलेली आणि शंभर वर्षं उलटलेली वस्तू त्यात येते. असल्या वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता तर येतच नाही, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. संरक्षित जागेत विनापरवाना खोदाई हा १९५८ च्या कायद्याखाली वेगळा गुन्हा. जमिनीत सापडलेल्या निधीसाठी कर्नाटकाचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे, तोही वाचून ठेवा.

मूळ प्रश्नाबद्दल: बाहेरून मागवली तर जकात आणि कागदपत्रांची कटकट आहेच. पण खरी गोम पुढे आहे. एकदा वस्तू इथे आली की पुन्हा बाहेरच्या बाजारात विकायची वाट जवळपास बंद. आणि इथे तिला गिऱ्हाईक कोण? गुंतवणूक म्हणून बघत असाल तर सोनं घ्या.

घटप्रभा

मला या कायदेवाल्या सुराचा कंटाळा आलाय, माफ करा. आमच्याकडे गोकाक-रामदुर्ग पट्ट्यात डोंगरच्या डोंगर क्रशरमध्ये जातात. नदीतली वाळू रात्रीत उचलली जाते, त्याबरोबर गोट्यांचा थरही. तेव्हा कायदा कुठे असतो? लाखो वर्षांची हत्यारं खडी होऊन आपल्याच रस्त्याखाली चाललीत. त्यापेक्षा एखाद्या हौशी माणसाच्या कपाटात गेली तर काय बिघडलं? निदान वाचेल तरी.

मलप्रभाकाठ

घटप्रभाशी बराचसा सहमत. मामांच्या शेजारच्या रानात जेसीबीने सपाटीकरण केलं. त्या मातीत काय काय गेलं देव जाणे.

दगडधोंडे

घटप्रभा, तुमचा राग रास्त आहे आणि क्रशरवर माझ्याकडे उत्तर नाही. जे डोळ्यांदेखत खडी होणार आहे ते उचलून वाचवलं तर मी तरी नावं ठेवणार नाही. पण नाणेवाल्यांची सहल ही ती गोष्ट नव्हे.

बॉक्सग्रोव्हचं उदाहरण घ्या. तिथे घोड्याची हाडं आणि चकमकीचे कपचे एकत्र मिळाले. हत्यार घडवणारा जिथे बसला होता तिथे कपच्यांचा सडा जसाच्या तसा. ते कपचे परत एकमेकांना जुळवता आले, हाडांवर कापल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे कोणी, कुठे बसून, कशासाठी धार काढली हे कळलं. आपल्या इसामपूरलाही पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्यांना चुनखडकाची खाण, अर्धवट घडवलेले गाभे (ज्यांतून कपचे काढले ते दगड), कपचे आणि हातोड्याचे गोटे असा पुरा कारखानाच एका जागी मिळाला. समजा तिथे आधी कोणी हौशी मंडळी गाड्या काढून गेली असती. त्यांनी काय उचललं असतं? देखण्या हातकुऱ्हाडी. कपच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. मागे राहिला असता भुगा, आणि तो कशाचा हे सांगणारा साक्षीदार शहापूरच्या शोकेसमध्ये.

आणि बाजाराचं म्हणाल तर पैसा ठेवला की वस्तू ‘सापडायला’ लागतात. ज्या १८६३ मध्ये फूटला पल्लावरमचा दगड मिळाला, त्याच वर्षी फ्रान्समध्ये आबव्हीलला मोठी फजिती झाली. तिथला हौशी संशोधक बूशे द पेर्थ याने माणसाचं हाड आणून देणाऱ्याला २०० फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. मजुरांनी खाणीत जबडाही पुरला आणि ताज्या घडवलेल्या हातकुऱ्हाडीही. ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्या हातकुऱ्हाडींसाठी विद्वानांशी भांडण केलं, त्यालाच खोट्यांनी गाठलं. उद्या रामदुर्गात एका फरशीचे पाच हजार मिळतात अशी आवई उठू द्या, सहा महिन्यांत गावोगाव फरश्या निघतील.

निपाणीकर

पाच हजार? सर, ते ‘काचेसारखी फुटते’वालं जरा परत समजावून सांगा. वहीपेन घेतलंय.

अक्का_खानापूर

निपाणीकर, गप्प बसा की जरा.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे झाडाखाली, देवाच्या पारावर गुळगुळीत तिकोनी काळे दगड ठेवलेले दिसतात. सासूबाई म्हणायच्या की हे विजेबरोबर पडलेले. तेही याच काळातले का?

दगडधोंडे

अक्का, सगळेच नव्हेत, पण त्यांत एखादी नवाश्मयुगीन कुऱ्हाड असू शकते. काळ पूर्ण निराळा. हातकुऱ्हाडी लाखो वर्षांच्या, या मात्र शेती आणि गुरं आल्यानंतरच्या, चार-पाच हजार वर्षांच्या घरातल्या. त्या घासून गुळगुळीत केलेल्या असतात, एक टोक निमुळतं, दुसऱ्याला धार, आणि लाकडी दांडा बसवून वापरत. बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या डोंगरात त्यांचा कारखानाच होता. विजेबरोबर दगड पडतो ही समजूत युरोपातही होती. उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांना अशा कुऱ्हाडी पिंपळाखाली पूजेत मिळाल्या आणि त्यांनी त्या उचलून नेल्या. तेव्हा पारावरचं असू द्या पारावरच. फोटो घ्या, गाव-शिवाराचं नाव लिहा, बस.

लंडनस्थ_टिळकवाडी

नाणेवाले, मन मोडलं असेल तर एक सुचवतो. इकडे चकमक घडवणारे आजचे कारागीर आहेत. ते हरणाच्या शिंगाने नि गोट्याने हातकुऱ्हाड करतात आणि नवी म्हणूनच विकतात, काही जण मागे सही-तारीखही घालतात. हातात धरून बघायची हौस त्यावर भागते आणि कोणाचं काही बिघडत नाही. पुढच्या वेळी गावी येताना आणू शकतो.

नाणेवाला_शहापूर

आणा, पैसे देतो. सही मात्र हवीच, नाहीतर माझ्यानंतर पोरं ती चार लाख वर्षांची म्हणून विकतील.

सहल रद्द नाही, रिकाम्या हाताने परत यायचं या अटीवर चालू. मलप्रभाकाठ, मामांच्या त्या दगडाचं काय करणार?

मलप्रभाकाठ

मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘ने की, दाराला दुसरा लावतो.’ जागा त्यांना पक्की आठवते, ओढ्याचं वळण आणि बांधावरचं चिंचेचं झाड. मोबाईलवर ठिकाणाचे आकडे घेतलेत. तुटलेल्या काठाचे फोटोही काढलेत, कोणत्या थरात गोटे आहेत ते दिसेल असे. धारवाडला विद्यापीठाच्या कन्नड संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे दाखवणार. त्यांनी ठेवून घेतला तर आनंदच. फोटोत मापासाठी पाच रुपयांचं नाणं ठेवलंय, चालेल ना?

नाणेवाला_शहापूर

नको हो! पाच रुपयांच्या नाण्याची घडण किती वेळा बदललीय. सरळ फूटपट्टी ठेवा.

दगडधोंडे

बरोबर. आणि एक फोटो तिरप्या उन्हात घ्या, सकाळी किंवा चारनंतर. क्वार्टझाईटवरचे खळगे डोक्यावरच्या उन्हात दिसतच नाहीत. धुवायचा असेल तर साध्या पाण्याने, घासणी-ॲसिड काही नको. एखाद्या फटीत चुनखडीचा खडा चिकटलेला असेल तर तो काढू नका, त्यावरून तो कोणत्या थरातून आला ते कळू शकतं.

अक्का_खानापूर

मी शाळेत शिकवते. पोरांना हे कुठे दाखवता येईल? ओढ्यावर चाळीस पोरं न्यायची म्हणजे संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या दप्तरात दगड.

दगडधोंडे

अक्का, पोरांसाठी बदामी. लेण्यांची सहल जातेच, तिथलंच पुरातत्त्व संग्रहालय करा, या खोऱ्यातली हत्यारं पाहायला मिळतील. पुण्याला जाणार असाल तर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय. फूटचा संग्रह चेन्नईला एग्मोरमध्ये, पण तो लांब पडतो. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, शाळेची बस दारात उभी आणि कुलूप असं व्हायला नको.

निपाणीकर

बदामीला बस जात असली तर मागच्या सीटवर मी येतो. दगड उचलणार नाही, आईशप्पथ.